विश्लेषण : आयकराचा रिफंड नेमका कुठे अडकला?

पहिल्या पाळीचा चहा असो की कंपनीच्या बसमधला परतीचा तास, पगारदारांच्या गप्पांत दरवर्षी एक प्रश्न येतोच : ‘तुझा रिफंड आला का?’ शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्याचे पैसे आठ दिवसांत खात्यावर येतात आणि आपले विवरणपत्र मात्र महिनोन्‌महिने ‘प्रक्रियेत’ दिसते, तेव्हा शंका वाढत जातात. अर्ज चुकला का? नोटीस येणार का? की कुणाला तरी गाठून काम करून घ्यावे लागेल? पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात या विलंबाला काही खास स्थानिक कारणेही आहेत. ठेकेदारामार्फत मिळालेली नोकरी, लांबलेले वेतनकरार आणि कंपनी बदलली की बदलणारे पगाराचे खाते ही त्यातली मुख्य. रिफंड नेहमी बंगळुरूतच अडकतो असे नाही. तो ठेकेदाराच्या कार्यालयात, बँकेत किंवा आपल्याच न उघडलेल्या ईमेलमध्येही अडकलेला असू शकतो. ती जागा शोधायची कशी आणि पुढे काय करायचे, याचा हा आढावा.

रिफंड किती दिवसांत यायला हवा?

वर्षभरात पगारातून किंवा बिलातून कापलेला टीडीएस आणि भरलेला आगाऊ कर यांची बेरीज प्रत्यक्ष देय करापेक्षा जास्त झाली, तर वरचा फरक म्हणजे रिफंड. विवरणपत्रांची तपासणी बंगळुरूतील केंद्रीकृत प्रक्रिया केंद्रात, म्हणजे ‘सीपीसी’त, संगणकावर होते. या टप्प्यावर पुण्यातील आयकर भवनात चकरा मारून सहसा काही हाती लागत नाही.

विवरणपत्रावरील प्रक्रियेचा सरासरी काळ २०१३-१४ मधील ९३ दिवसांवरून दहा दिवसांवर आल्याचे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२४ मधील अंतरिम अर्थसंकल्पात सांगितले होते. त्यामुळे दोन आठवडे उलटले की लोक अस्वस्थ होतात. मात्र, दहा दिवस ही सरासरी आहे, हमी नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम १४३(१) नुसार, ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले ते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत विभागाला प्राथमिक तपासणीची सूचना पाठवता येते. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र भरण्याची मुदत वाढून १६ सप्टेंबर २०२५ झाली होती. त्या मुदतीत विवरणपत्र भरलेल्यांसाठी विभागाच्या हातात ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतचा वेळ आहे. म्हणजे चार-सहा महिन्यांचा उशीर त्रासदायक असला, तरी कायद्याने बेकायदा ठरत नाही.

याचा अर्थ हात बांधून बसावे असा नाही. कारण काही ठिकाणी विलंबाचे कारण करदात्यानेच दूर करायचे असते आणि त्यासाठी दिलेली मुदत १५, २१ किंवा ३० दिवसांचीच असते.

सर्वांत आधी काय तपासावे?

आयकर विभागाच्या अधिकृत ई-फायलिंग पोर्टलवर पॅन व पासवर्ड टाकून ‘ई-फाइल’, ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’ आणि ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’ या क्रमाने गेले की विवरणपत्राची सद्यःस्थिती दिसते. पहिली गोष्ट पाहायची ती ई-पडताळणी. विवरणपत्र अपलोड केले, पण आधार ओटीपी किंवा नेट बँकिंगद्वारे त्याची पडताळणी केली नाही, तर सीपीसी त्याला हातही लावत नाही. पडताळणीसाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर पडताळणी केली, तर पडताळणीचा दिवस हाच विवरणपत्र भरल्याचा दिवस धरला जातो. तो अंतिम मुदतीनंतरचा असेल, तर विलंब शुल्क लागते आणि पगारदाराला जुनी करप्रणाली निवडण्याची संधीही जाते.

दुसरी गोष्ट, पॅन आणि आधारची जोडणी. १ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेले पॅन निष्क्रिय धरले जाते. पॅन निष्क्रिय असेपर्यंत रिफंड मिळत नाही आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही.

तिसरी गोष्ट फार थोडे लोक पाहतात. पोर्टलवरील प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल क्रमांक कोणाचा आहे? विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेतले असेल, तर तिथे अनेकदा भरून देणाऱ्याचाच ईमेल असतो. विभागाची प्रत्येक सूचना त्याच पत्त्यावर जाते. विवरणपत्र ‘सदोष’ ठरवणारी कलम १३९(९) ची नोटीस आली, तर उत्तरासाठी साधारण १५ दिवस असतात. नोटीस दिसलीच नाही, तर विवरणपत्र अवैध ठरू शकते आणि रिफंडचा दावाही त्याच्याबरोबर जातो.

कापलेला टीडीएस पोर्टलवर दिसतच नसेल तर?

औद्योगिक पट्ट्यातील ही सर्वांत नेहमीची अडचण. पगारपत्रकावर टीडीएस कापल्याची नोंद असते, पण ‘फॉर्म २६एएस’ किंवा वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) ती रक्कम नसते. सीपीसीचा संगणक पगारपत्रक पाहत नाही. तो फक्त २६एएस पाहतो. तिथे रक्कम नसेल, तर तेवढा रिफंड कापला जातो किंवा उलट कराची मागणी निघते.

रक्कम न दिसण्यामागे तीन कारणे असू शकतात. कर कापणाऱ्याने तो सरकारकडे भरलाच नाही. किंवा भरला, पण तिमाही टीडीएस विवरणपत्र दाखल केले नाही. किंवा तेही केले, पण कामगाराचा पॅन चुकीचा लिहिला, त्यामुळे रक्कम दुसऱ्याच्याच नावावर गेली. शेवटची दोन कारणे कागदोपत्री दुरुस्त होतात. कर कापणाऱ्याने ‘दुरुस्ती विवरणपत्र’ भरले की काही दिवसांत २६एएस बदलते. मोठ्या कंपन्यांत वेतन विभागाला एक ईमेल पुरतो. ठेकेदाराकडे मात्र पाठपुरावा करावा लागतो. तो लेखी करावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

फॉर्म १६ हातात आहे, म्हणजे सारे ठीक आहे, असेही नाही. त्याचा ‘भाग अ’ विभागाच्या ‘ट्रेसेस’ या प्रणालीतूनच निघतो आणि त्यावर प्रमाणपत्र क्रमांक असतो. कार्यालयातील संगणकावर टाइप करून, शिक्का मारून दिलेला कागद हा त्याला पर्याय नाही. पगारातील टीडीएसचे शेवटच्या तिमाहीचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचे असते आणि फॉर्म १६ हा १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. त्याआधीच घाईने विवरणपत्र भरले, तर २६एएस अपुरे असण्याची शक्यता जास्त.

पगारावर नसलेल्यांनाही हाच अनुभव येतो. काही पदविकाधारक तरुणांना ‘कन्सल्टंट’ दाखवून कलम १९४जे खाली दहा टक्के कर कापला जातो. भोसरीतील जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शॉपमालकाच्या बिलातून कलम १९४सी खाली एक टक्का जातो. चाकणमधील कंपन्यांना टेम्पो पुरवणाऱ्यांसाठी तर याच कलमात सवलत आहे. वर्षभरात दहा किंवा त्याहून कमी मालवाहू वाहने असतील आणि तसे घोषणापत्र पॅनसह दिले असेल, तर टीडीएस कापायचाच नसतो. हे घोषणापत्र वेळेत दिले, तर रिफंडची वाट पाहण्याची वेळच येत नाही.

ठेकेदाराने कर कापला, पण भरलाच नाही तर?

इथे कायदा कामगाराच्या बाजूने आहे, पण एका मर्यादेपर्यंत. कलम २०५ सांगते की, ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, त्या कराची वसुली पुन्हा त्याच व्यक्तीकडून करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये यशपाल सहानी प्रकरणात हेच स्पष्ट केले. मालकाने पगारातून कर कापला आणि सरकारकडे भरला नाही, तर विभागाने मालकामागे लागावे, नोकरामागे नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही (सीबीडीटी) २०१५ आणि २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना पत्राद्वारे सांगितले की, अशा प्रकरणांत करदात्यावर वसुलीची सक्ती करू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये संजय सुदान प्रकरणात आणखी एक पाऊल पुढे टाकले. अशी मागणी दाखवून करदात्याचा दुसऱ्या वर्षाचा रिफंड वळता करणे ही आडमार्गाने केलेली वसुलीच आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मर्यादा अशी की, हे संरक्षण वसुलीपासूनचे आहे. प्रत्यक्ष रिफंड हातात येण्यासाठी मात्र रक्कम सरकारी खात्यात जमा झालेली दिसावी लागते. म्हणून पगारपत्रके, ज्या खात्यावर निव्वळ पगार आला त्याचे बँक विवरण आणि ठेकेदाराशी झालेला लेखी पत्रव्यवहार हे तीन कागद सांभाळणे महत्त्वाचे. हे पुरावे जोडून टीडीएस पाहणाऱ्या आयकर अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. कापलेला कर सरकारकडे न भरणे हा कलम २७६बी खाली तुरुंगवासापर्यंत नेणारा गुन्हा आहे. लेखी तक्रारीत या कलमाचा उल्लेख केला, तर अनेकदा टाळाटाळ थांबते.

नोकरी सोडताना पाच वर्षांच्या आत भविष्यनिर्वाह निधी काढणाऱ्यांनीही काळजी घ्यावी. रक्कम ५० हजार रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर दहा टक्के टीडीएस कापला जातो. पॅनची नोंद नसेल, तर २० टक्के. पॅनच नोंदवलेला नसेल, तर हा कर कोणाच्या खात्यावर दाखवायचा हाच प्रश्न उरतो. पीएफ खात्यात पॅन आधीच जोडून ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय.

वेतनकराराच्या फरकाचा रिफंडशी काय संबंध?

या पट्ट्यातील कायम कामगारांसाठी हा मुद्दा कळीचा. वेतनकराराची मुदत संपते, नव्या कराराची बोलणी वर्ष-दीड वर्ष चालतात आणि सही झाली की मागील काळाचा फरक एकरकमी मिळतो. त्या वर्षीचे उत्पन्न अचानक वाढते आणि वरच्या टप्प्याचा कर लागतो. हा अन्याय होऊ नये म्हणून कलम ८९ मध्ये सवलत आहे. फरकाची रक्कम ज्या वर्षाची त्या वर्षात धरून हिशेब करायचा आणि जादा बसलेला कर कमी करून घ्यायचा.

ही सवलत हवी असेल, तर पोर्टलवर ‘फॉर्म १०ई’ भरावा लागतो आणि तो विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो. कंपनीने फॉर्म १६ मध्ये सवलत धरली असली, तरी १०ई कामगाराने स्वतःच्या लॉगिनमधून भरायचा असतो. तो नसेल, तर सीपीसी सवलत नाकारते. मग रिफंड कमी होतो किंवा हजारो रुपयांची मागणी येते. चूक लक्षात आल्यावर १०ई भरून दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच याची खात्री नसते. फॉर्म आधीच भरण्यासाठी मात्र फार तर अर्धा तास लागतो. कराराच्या वर्षी युनियनच्या सूचनाफलकावर ही एक ओळ लिहिली, तरी अनेकांचे पैसे वाचतील.

रिफंड मंजूर झाला, पण खात्यात आला नाही. असे का?

पोर्टलवर ‘रिफंड फेल्ड’ असे दिसत असेल, तर आयकर विभागाचे काम संपले आहे. अडचण बँक खात्याची आहे. १ मार्च २०१९ पासून रिफंड केवळ ऑनलाइन आणि पॅनशी जोडलेल्या खात्यातच जमा होतो. ते खाते पोर्टलवर ‘प्री-व्हॅलिडेट’ म्हणजे आधी पडताळलेले आणि रिफंडसाठी निवडलेले असावे लागते.

नोकरी बदलली की नवी कंपनी नव्या बँकेत पगाराचे खाते उघडते. जुने खाते काही महिन्यांत निष्क्रिय होते आणि विवरणपत्रात मात्र तेच राहते. काहींचे खाते गावाकडच्या शाखेत असते आणि तिथे केवायसी थकलेली असते. २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले, तेव्हा अनेक शाखांचे आयएफएससी कोड बदलले. पिंपरीतील सेवा विकास सहकारी बँक आणि पुण्यातील रुपी सहकारी बँक यांचे परवाने २०२२ मध्ये रद्द झाले. पोर्टलवर अशी जुनी खाती अजूनही नोंदलेली असतील, तर ती काढून टाकावीत.

नावातील फरक हे आणखी एक कारण. बँकेत आडनाव आधी, पॅनवर शेवटी. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. लग्नानंतर बँकेतील नाव बदलले, पॅनवर माहेरचेच राहिले. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. नावे जुळवून खाते पुन्हा पडताळून घ्यावे आणि पोर्टलवरील ‘सर्व्हिसेस’ विभागातून ‘रिफंड री-इश्यू’ची विनंती करावी. ही विनंती केल्याशिवाय पैसे आपोआप पुन्हा पाठवले जात नाहीत.

जुनी थकबाकी दाखवून रिफंड वळता केला तर?

आधीच्या एखाद्या वर्षाची मागणी विभागाच्या नोंदीत शिल्लक असेल, तर कलम २४५ नुसार चालू वर्षाचा रिफंड तिच्यात वळता करता येतो. पण त्याआधी करदात्याला कळवणे बंधनकारक आहे आणि उत्तरासाठी २१ दिवस दिले जातात. ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ येथे मागणी मान्य आहे की नाही, हे कारणांसह नोंदवता येते. कर तेव्हाच भरला असेल, तर चलन जोडावे. टीडीएस कापला असेल, तर प्रमाणपत्र जोडावे. उत्तर दिलेच नाही, तर रक्कम वळती होते आणि ती परत मिळवण्याचा रस्ता लांबचा असतो.

जुन्या किरकोळ मागण्यांबाबत एक दिलासा आहे. आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील दहा हजार रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. एका करदात्यासाठी एकूण मर्यादा एक लाख रुपये होती. त्यामुळे तशी मागणी अजूनही दिसत असेल, तर आक्षेप जरूर नोंदवावा.

विभागानेच रिफंड रोखून धरला असेल तर?

येथे प्रश्न दाव्याच्या खरेपणाचा असतो. फॉर्म १६ मध्ये नसलेली घरभाड्याची सूट, राजकीय पक्षाला दिलेली देणगी, वैद्यकीय विमा किंवा शैक्षणिक कर्जाचे व्याज विवरणपत्रात अचानक दिसले आणि त्यातून मोठा रिफंड निघाला, तर संगणक असे विवरणपत्र बाजूला काढतो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने खोट्या वजावटींच्या संशयावरून देशभरात दीडशे ठिकाणी पडताळणी केली. महाराष्ट्रातील छाप्यांमधून मिळालेली माहितीही त्यामागे होती. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचेही तेव्हा सांगण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा अनेकांना संदेश गेले : दावे तपासा आणि चूक असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरा.

विभागाच्या त्या निवेदनातील एक तपशील कारखान्याच्या गेटबाहेर वाचून दाखवण्यासारखा आहे. काही एजंट कमिशनवर मोठा रिफंड ‘काढून’ देतात. त्यासाठी तात्पुरते ईमेल आयडी तयार करतात आणि नंतर ते वाऱ्यावर सोडून देतात. विभागाच्या नोटिसा तिथेच पडून राहतात. एजंटाने टक्केवारी आधीच घेतलेली असते. पकडला जातो तो पॅनधारक. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

सगळ्याच चुका मुद्दाम केलेल्या नसतात. घरभाड्याच्या सवलतीचा हिशेब करताना अनेक जण पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा धरतात. परंतु आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी ती मर्यादा फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला लागू होती. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणसाठी ती ४० टक्के होती. दावा खरा असेल, तर भाडेकरार, भाडे दिल्याच्या बँक नोंदी आणि पावत्या तयार ठेवून शांतपणे उत्तर द्यावे. दावा चुकला असेल आणि सुधारित विवरणपत्राची मुदत गेली असेल, तर जादा कर भरून ‘अद्ययावत विवरणपत्र’ भरण्याचा पर्याय उरतो. मात्र, त्यातून नवा रिफंड मागता येत नाही.

उशिराबद्दल व्याज मिळते का?

मिळते. कलम २४४ए नुसार दरमहा अर्धा टक्का. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर टीडीएसच्या रिफंडवर करनिर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून व्याज मोजतात. मुदतीनंतर भरले असेल, तर भरल्याच्या दिवसापासून.

समजा, एका कामगाराचा वर्षाचा कर ५२ हजार रुपये निघाला आणि टीडीएस ७० हजार कापला गेला. रिफंड १८ हजार. त्याने सप्टेंबर २०२५ च्या मुदतीत विवरणपत्र भरले आणि रिफंड फेब्रुवारी २०२६ मध्ये मंजूर झाला. एप्रिल ते फेब्रुवारी असे अकरा महिने, म्हणजे साडेपाच टक्के. व्याज ९९० रुपये. ते पुढच्या विवरणपत्रात ‘इतर उत्पन्ना’त दाखवायचे असते, हे बरेच जण विसरतात.

एक अट आहे. रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर व्याज मिळत नाही. एक लाख रुपये कर असणाऱ्याचा रिफंड आठ हजार असेल, तर उशिराचा एक रुपयाही मिळणार नाही. करदात्याच्या बाजूने झालेल्या विलंबाचा काळही वगळला जातो.

दाद कुठे मागायची?

सीपीसीची सूचना आली असेल, तर आधी ती नीट वाचावी. त्यात दोन रकाने असतात : करदात्याने दिलेले आकडे आणि सीपीसीने काढलेले आकडे. ज्या ओळीत ते जुळत नाहीत, तिथेच रिफंड अडकला आहे. चूक उघड असेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. सूचना ज्या आर्थिक वर्षात निघाली ते वर्ष संपल्यापासून त्यासाठी चार वर्षे मिळतात. मुद्दा वादाचा असेल, तर ३० दिवसांत अपील करावे लागते. इथे सनदी लेखापालाचा किंवा कर सल्लागाराचा सल्ला घेणे योग्य.

सूचनाच आली नसेल, तर पोर्टलवरील ‘ग्रीव्हन्सेस’मध्ये तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपावा. मदतीसाठी १८०० १०३ ००२५ आणि १८०० ४१९ ००२५ हे नि:शुल्क क्रमांक आहेत. तिथून समाधान झाले नाही, तर केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ या तक्रार यंत्रणेकडे जाता येते. तिथे तक्रार २१ दिवसांत निकाली काढण्याचे उद्दिष्ट आहे.

विवरणपत्रच भरायचे राहून गेले असेल, तरी सारे संपलेले नसते. आजारपण किंवा तशाच खऱ्या अडचणीमुळे उशीर झाला असेल, तर सीबीडीटीच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार, करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत विलंब माफीचा अर्ज करता येतो. एक कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त पातळीवर होतो. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असला, तरी त्याआधीच्या वर्षांचे दावे जुन्याच कायद्यानुसार चालतील.

‘रिफंड मंजूर’ असा संदेश आला तर?

लिंकवर बोट ठेवू नये. ‘आपला १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते क्रमांक तपासा’ असा संदेश २०२३ मध्ये देशभर फिरला होता. तो खोटा असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले होते. रिफंड खरोखर अडकलेला असतो, म्हणूनच माणूस अशा संदेशाला फसतो. आयकर विभाग संदेशातून पिन, ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागत नाही. संदेश कोणताही असो, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून आत जावे आणि तिथेच खात्री करावी. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

सुट्टीच्या दिवशी किती वेळ लागेल?

साधारण तासभर. ई-पडताळणी झाली आहे का, प्रोफाइलमध्ये आपलाच ईमेल आणि मोबाइल आहे का, फॉर्म १६ आणि २६एएसमधील टीडीएस जुळतो का, बँक खाते चालू आणि पडताळलेले आहे का, ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये उत्तराची वाट पाहणारी नोटीस आहे का. या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की पुढची पायरी कळते : ठेकेदाराला पत्र, बँकेत केवायसी, नोटिशीला उत्तर की तक्रार. पाचही ठिकाणी सारे ठीक असेल, तर विवरणपत्र खरोखरच सीपीसीच्या रांगेत आहे. रिफंड कराच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर वाट पाहण्याच्या प्रत्येक महिन्याचे अर्धा टक्का व्याज त्यात जमा होत असते.